स्पेनची एसीबी बास्केटबॉल लीग पूर्ण सीझनभर कशी फॉलो करायची

एनबीएत गेलेल्या लुका डॉन्चिचमुळे किंवा गसोल भावांमुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांना कळतं की स्पेनमध्ये भारी बास्केटबॉल चालतं, मग कधीतरी रियल माद्रिद विरुद्ध बार्सेलोना मॅच बघितली जाते, मजा येते, आणि तिथेच सगळं थांबतं. का थांबतं तर पुढे काय बघायचं तेच कळत नाही. १८ टीम, अर्ध्या टीमची नावं दर दोन वर्षांनी बदलतात, मध्येच कप, मध्येच युरोलीग, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांची स्पर्धा. मला ही लीग मनापासून आवडते आणि माझं म्हणणं एकच आहे, एसीबी बघायची तर पहिल्या नंबरकडे बघू नका, रेषांकडे बघा. टेबल उघडा आणि आठव्या नंबरखाली एक रेघ आणि सोळाव्या नंबरखाली एक रेघ मारा, कागदावर मारली तरी चालेल. पूर्ण सीझनचा जीव या दोन रेघांच्या आजूबाजूला असतो.

आधी साचा समजून घ्या, फार अवघड नाहीये. एसीबी म्हणजे क्लबांची संघटना, १९८२ मध्ये स्थापन झाली आणि १९८३-८४ पासून लीग तीच चालवते, त्याआधी १९५७ पासून फेडरेशनची राष्ट्रीय लीग होती. आता स्पॉन्सरच्या नावाने तिला लीगा एन्देसा म्हणतात, एन्देसा म्हणजे वीज कंपनी. १८ टीम, प्रत्येकाशी दोनदा, एकदा घरी एकदा बाहेर, म्हणजे ३४ राउंड. एका राउंडला स्पॅनिशमध्ये होर्नादा म्हणतात, हा शब्द पाठच करून टाका कारण सगळीकडे तोच दिसणार. ३४ होर्नादा झाल्या की पहिले आठ प्लेऑफला जातात, शेवटचे दोन खालच्या लीगमध्ये, तिचं नाव आता प्रिमेरा फेब आहे, २०२४ पर्यंत लेब ओरो होतं. अमेरिकेत एनबीएमध्ये शेवटचा नंबर आला तर बक्षीस म्हणून चांगला ड्राफ्ट पिक, म्हणजे नवीन प्लेअर आधी निवडायची पाळी, मिळायची शक्यता वाढते, इथे शेवटचा नंबर आला तर घरच बदलतं. हे एकदा डोक्यात बसलं की एप्रिलमधली सतराव्या आणि पंधराव्या नंबरची मॅच तुम्ही श्वास रोखून बघाल.

आता टीम निवडा. हे पहिलं खरं काम आहे आणि घाई करू नका. माद्रिद किंवा बार्सा (बार्सेलोना) निवडली तर चूक नाही, पण मी पहिल्या सीझनला माद्रिद धरली होती आणि जानेवारीपर्यंत एवढ्या मॅच जिंकून झाल्या होत्या की एखादी हरली तरी काही फरक पडत नव्हता, सगळं जूनमध्येच ठरणार होतं. दुसऱ्या वर्षी मान्रेसा धरली आणि तेव्हापासून सोडली नाही. कॅटालोनियामधलं ऐंशी हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, नोउ कोंगोस्त नावाचं साधारण पाच हजार सीटचं पॅव्हिलियन (बंदिस्त स्टेडियम), पैसा कमी, दर उन्हाळ्यात चांगले प्लेअर मोठे क्लब घेऊन जातात. आणि याच क्लबने १९९८ मध्ये लीग जिंकलीये, रेग्युलर सीझनमध्ये सहावे होते, प्लेऑफमध्ये एकेकाला पाडत गेले आणि फायनलचा एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम प्लेअर ठरला जोआन क्रेउस, वय वर्षं ४१. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तपासून बघितलं होतं.

मान्रेसाच घ्या असं नाही. तुम्हाला मधल्या टेबलातली टीम हवी असेल तर बिल्बाओ, सारागोसा, अंडोरा (हो, अंडोरा वेगळा देश आहे पण टीम स्पेनच्या लीगमध्ये खेळते), लुगो गावची ब्रेओगान, मार्क गसोलचा स्वतःचा क्लब जिरोना. इतिहास आवडत असेल तर बादालोनाची जुवेन्तुत, माद्रिद सोडून कधीच खाली न गेलेला हा एकच क्लब आहे आणि पुढे एनबीएत गेलेला रिकी रुबियो इथेच २००५ मध्ये वयाच्या १४ व्या वर्षी लीगमध्ये उतरला होता. तेनेरिफे आणि ग्रान कनारिया या बेटांवरच्या टीम, त्यांचं वेगळंच प्रकरण, खाली येतो त्यावर. एकच अट, जिला आठव्या किंवा सोळाव्या रेघेची भीती किंवा आशा असते अशी टीम घ्या. शिवाय दुसरी एक टीम फक्त बघण्याच्या मजेसाठी ठेवा, मी मालागाची उनिकाखा ठेवतो.

नावांचा घोळ आत्ताच सोडवून टाकू कारण नवीन माणूस इथेच गळतो. क्लबच्या नावात स्पॉन्सर असतो आणि स्पॉन्सर बदलला की नाव बदलतं. व्हितोरिया शहराची बास्कोनिया जुन्या निकालांमध्ये ताउ सेरामिका दिसेल, मग काखा लाबोराल, मग लाबोराल कुचा, आणि पुढे अजून बरीच नावं, टीम तीच. २०१० च्या फायनलची क्लिप शोधाल तर काखा लाबोराल असं लिहिलेलं असेल, ती बघाच, बार्सेलोना त्याच वर्षी युरोपची चॅम्पियन झालेली आणि ओव्हरटाईमच्या अगदी शेवटच्या क्षणी फर्नांडो सान एमेतेरियो बास्केट करतो, वर फाऊल मिळवतो, फ्री थ्रो घालतो आणि फायनल ३-० ने संपते. तर सोपी युक्ती म्हणजे क्लब शहराच्या नावाने लक्षात ठेवा. व्हितोरिया, मालागा, बादालोना, ला लागुना (तेनेरिफेची टीम इथली), मुर्सिया. स्पॉन्सर येतील जातील, शहर हलत नाही.

कॅलेंडर असं धरा. सप्टेंबरमध्ये सुपरकोपा, चार टीम, दोन दिवसात संपतं, त्यावरून कुठलेही निष्कर्ष काढू नका कारण अर्ध्या टीमचे प्लेअर नुकतेच एकमेकांना भेटलेले असतात. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला लीग. जानेवारीत १७ होर्नादा पूर्ण म्हणजे अर्धी लीग. फेब्रुवारीत कोपा देल रे, म्हणजे कप. मे मध्ये शेवटच्या होर्नादा, मग प्लेऑफ, जूनमध्ये फायनल. मध्ये नोव्हेंबरला आणि फेब्रुवारीला राष्ट्रीय संघांच्या मॅचसाठी लीग थांबते, तेव्हा घाबरू नका, ॲप बिघडलेलं नसतं.

मॅच मुख्यतः शनिवार रविवार, कारण आठवड्यात मधले दिवस युरोपियन स्पर्धांचे. माझी आवडती वेळ म्हणजे रविवारी दुपारी साडेबाराची मॅच, तिकडे ही जुनी सवय आहे, लोक पोरांना घेऊन पॅव्हिलियनला जातात आणि मग जेवायला. आपल्याकडे हिवाळ्यात तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून चार, कारण त्यांची घड्याळं एक तास पुढे जातात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. रात्री नऊची मॅच मात्र हिवाळ्यात आपल्याकडे दीड वाजता सुरू होते, त्या मी दुसऱ्या दिवशी बघतो. कनारी बेटांवर घड्याळ मुख्य स्पेनपेक्षा एक तास मागे असतं, म्हणून तेनेरिफेच्या मॅचची वेळ कुठल्या घड्याळाने दिलीये ते एकदा बघून घ्या, मी एकदा पूर्ण फर्स्ट हाफ घालवला आहे यात. स्पेनमध्ये २०२४-२५ पासून मॅच डॅझन (DAZN) या स्ट्रीमिंग सेवेवर असतात. बाहेर राहून बघणाऱ्याने निदान लीगचं यूट्यूब चॅनल आणि एसीबी डॉट कॉमवरचं लाईव्ह स्कोअरकार्ड धरून ठेवावं, त्या साईटवर प्रत्येक शॉट कुठून मारला त्याचा नकाशासुद्धा असतो.

बॉक्स स्कोअर वाचायला शिका, अर्धा तास लागतो आणि मग न बघितलेली मॅचही कळायला लागते. नियम फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय फेडरेशनचे, १० मिनिटांचे चार क्वार्टर, पाच फाऊलवर बाहेर, थ्री पॉइंटची रेषा ६.७५ मीटरवर, ओव्हरटाईम पाच मिनिटं. त्रिप्ले म्हणजे थ्री, रेबोते म्हणजे रिबाउंड, तापोन म्हणजे ब्लॉक, माते म्हणजे डंक, प्रोर्रोगा म्हणजे ओव्हरटाईम. आणि सगळ्यात उजव्या बाजूला एक आकडा असतो, वालोरासियोन. स्पॅनिश लोक पॉइंटपेक्षा जास्त याच्याबद्दल बोलतात. हिशोब सोपा आहे, प्लेअरने केलेलं सगळं चांगलं मिळवायचं म्हणजे पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक आणि स्वतःवर मिळवलेले फाऊल, आणि त्यातून वाईट वजा करायचं म्हणजे हुकलेले शॉट, हुकलेले फ्री थ्रो, टर्नओव्हर, स्वतःचे ब्लॉक झालेले शॉट, केलेले फाऊल. समजा एकाने १४ पॉइंट, ६ रिबाउंड, ४ असिस्ट, १ स्टील आणि ५ फाऊल मिळवले, झाले ३०, मग ६ शॉट हुकले, ३ टर्नओव्हर, २ फाऊल केले, गेले ११, वालोरासियोन १९. चांगली मॅच झाली त्याची. पण जपून वापरा हं, हा आकडा उंच सेंटरवर मेहेरबान असतो, जवळून बास्केट आणि भरपूर रिबाउंड की लगेच वीसच्या वर. जो गार्ड समोरच्या टीमच्या बेस्ट प्लेअरला ३० मिनिटं दमवतो त्याचं यात काही दिसत नाही. ते दिसायला मॅचच बघावी लागते.

आता टेबल. इथे फुटबॉलसारखे तीन पॉइंट वगैरे काही नसतं, ड्रॉ नसतो, फक्त जिंकलेल्या मॅच मोजतात. पोस्टपोन झालेल्या मॅचमुळे कधी कधी एखाद्या टीमच्या मॅच एक दोन कमी असतात, खेळलेल्या मॅचचा कॉलम आधी बघा मग नंबरावर बोला. आणि दोन टीम बरोबरीत असल्या तर? आधी त्या दोघींच्या आपसातल्या दोन मॅच बघतात. एक एक जिंकली असेल तर त्या दोन मॅचमधला पॉइंटांचा फरक. याला तिकडे बास्केट ॲव्हरेज म्हणतात आणि माझ्या मते ही लीग बघायची खरी किल्ली हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा नोव्हेंबरमध्ये मान्रेसा बिल्बाओला जाऊन ९ ने हरली. एप्रिलमध्ये परत मॅच नोउ कोंगोस्तला, दोघी टेबलात शेजारी शेजारी, खालच्या रेघेपासून दोन पावलांवर. २० सेकंद राहिलीयेत, मान्रेसा ८ ने पुढे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल मॅच संपली, हात मिळवा आणि घरी जा. पण मान्रेसाचा कोच टाईमआऊट मागतो. कारण ८ ने जिंकले तर ॲव्हरेज बिल्बाओकडे, १० ने जिंकले तर त्यांच्याकडे, आणि मेमध्ये दोघी बरोबरीत संपल्या तर हा फरक म्हणजे एक अख्खी मॅच जिंकल्यासारखा आहे. टाईमआऊटनंतर बॉल बाहेरून आत येतो, गार्ड घड्याळ बघत बघत जातो, समोरची टीम हरत असूनही जीव तोडून डिफेन्स करते, बास्केट होऊ द्यायची नाही म्हणून मुद्दाम फाऊल करावा की नको यात त्यांचा सेकंदभर गोंधळ होतो, पूर्ण पॅव्हिलियन उभं, कॉर्नरमधून शॉट, आत. ११. आता जिंकलेल्या मॅचमध्ये लोक असे ओरडतायत जणू कप मिळाला आणि हरलेली टीम उरलेल्या सहा सेकंदात दोन पॉइंटसाठी पळतेय, कारण फरक ९ वर आला की दोन्ही मॅच मिळून हिशोब शून्य. हे ज्याला माहीत नाही त्याला ही वीस सेकंदं दिसतच नाहीत. म्हणून करायचं काय तर एक वही किंवा नोट ठेवा, तुमच्या टीमचे पहिल्या फेरीतले सगळे निकाल फरकासकट लिहा, आणि जानेवारीनंतर प्रत्येक मॅचच्या आधी तो आकडा बघून बसा. माझ्याकडे मागच्या काही सीझनच्या अशा नोट्स आहेत आणि कुठल्याही साईटपेक्षा मला त्याच जास्त उपयोगी पडतात.

आठव्या रेघेकडे परत येऊ, कारण ती वर्षातून दोनदा कापते. पहिल्यांदा जानेवारीत. १७ व्या होर्नादानंतर पहिल्या आठात असलेल्या टीम कोपा देल रेला जातात, यजमान शहराचा क्लब लीगमध्ये असेल तर त्याची जागा नक्की, मग बाकी सात. म्हणून डिसेंबर आणि जानेवारीच्या मॅच अजिबात सोडू नका, सहाव्यापासून अकराव्यापर्यंत सगळे एक दोन मॅचच्या फरकात गर्दी करून असतात आणि दर आठवड्याला चित्र बदलतं.

आणि कोपा, बापरे. गुरुवार ते रविवार, एकच शहर, एकच पॅव्हिलियन, आठ टीम, हरलात की बाहेर. आठही क्लबांचे लोक त्या शहरात येतात, जर्सी घालून ढोल घेऊन रस्त्यावर फिरतात, ज्यांची टीम गुरुवारी हरली ते बरेच जण तिकीट असल्यामुळे रविवारपर्यंत राहतात आणि मग एखाद्या छोट्या टीमला सगळे मिळून आपलं मानतात. सीझनमधलं एकच काहीतरी बघायला वेळ असेल तर प्लेऑफ नको, कोपा बघा, हे मी सगळ्यांना सांगतो. सिरीजमध्ये मोठी टीम एक वाईट रात्र सावरून घेते, इथे एक वाईट रात्र म्हणजे बॅग भरायची. २०२३ ला बादालोनामध्ये उनिकाखाने क्वार्टरमध्ये बार्साला पाडलं, सेमीमध्ये माद्रिदला पाडलं आणि फायनलमध्ये तेनेरिफेला ८३-८० ने हरवलं. २०२५ ला ग्रान कनारियात फायनलमध्ये परत माद्रिदला हरवून परत जिंकले. त्याच दिवसांत १४ वर्षांखालच्या पोरांची मिनिकोपा पण चालते, वेळ मिळाला तर तीही बघा, २०१३ च्या मिनिकोपाचा एमव्हीपी माद्रिदकडून खेळणारा एक स्लोव्हेनियन मुलगा होता, डॉन्चिच. दोन वर्षांनी, एप्रिल २०१५ मध्ये, तो वयाच्या १६ व्या वर्षी सीनियर टीमकडून उनिकाखाविरुद्ध उतरला आणि पहिलाच शॉट थ्री घातला.

कोपानंतर बरेच लोक लीग सोडून देतात, तुम्ही सोडू नका, फक्त बघायची पद्धत बदला. आता मॅच निवडताना युरोपचं वेळापत्रक शेजारी ठेवा. युरोलीग खेळणाऱ्या टीमला कधी कधी एका आठवड्यात दोन युरोपियन मॅच असतात आणि मग रविवारी विमानात बसून ला लागुना गाठायचं, माद्रिदहून तेनेरिफे जवळपास तीन तास. समोर तेनेरिफे, पूर्ण ताजी, आणि बॉल मार्सेलिन्यो हुएर्तासच्या हातात. हा ब्राझिलियन गार्ड १९८३ चा जन्म, लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त असिस्ट त्याच्या नावावर, पाब्लो लासोचा जुना रेकॉर्ड त्याने मागे टाकला. चाळिशी ओलांडून त्याचा वेग कधीच संपलेला आहे पण पिक अँड रोलमध्ये (साथीदार डिफेंडरची वाट अडवतो आणि मग बास्केटकडे वळतो) तो डिफेंडरला पाठीवर घेऊन असा थांबतो की समोरच्या दोन्ही डिफेंडरना नक्की कळत नाही आता काय करायचं, आणि तेवढ्यात पास गेलेला असतो. बेटांवर मोठ्या टीम का अडखळतात ते अशा रविवारी समजतं.

प्लेअर मध्येच येतात जातात याचीही सवय करा. कोणी जखमी झाला की एक दोन महिन्यांच्या करारावर बदली प्लेअर येतो, तो चांगला खेळला तर राहतो नाहीतर दुसऱ्या क्लबकडे दिसतो. शिवाय परदेशी आणि स्पेनमध्ये तयार झालेल्या प्लेअरांच्या संख्येचे नियम आहेत, त्यामुळे स्क्वाड निवडताना एखादा चांगला परदेशी प्लेअर साधे कपडे घालून बाहेर बसलेला दिसेल, म्हणजे तो जखमीच आहे असं नाही.

प्लेऑफ पटकन सांगतो. १ विरुद्ध ८, २ विरुद्ध ७ अशा जोड्या, क्वार्टर फायनल तीनपैकी दोन, सेमी आणि फायनल पाचपैकी तीन. वरच्या नंबरच्या टीमला पहिली मॅच घरी. खरा धोका क्वार्टरमध्ये, कारण पहिली मॅच घरी हरली की दुसरी बाहेर आणि तिथेच गाशा गुंडाळायची वेळ. २०२४ ला मुर्सियाने सेमीची पाचवी मॅच मालागात जाऊन जिंकली आणि पहिल्यांदा फायनल गाठली, फायनल मात्र माद्रिदने ३-० ने खिशात घातली. २०२५ ची फायनलही माद्रिदने ३-० नेच घेतली, व्हालेन्सियाविरुद्ध. २०२० चं वर्ष वेगळं, कोरोनामुळे १२ टीम व्हालेन्सियात एकत्र ठेवल्या, रिकाम्या पॅव्हिलियनमध्ये फायनल एकाच मॅचची झाली आणि लुका विल्दोसाने शेवटच्या सेकंदात बास्केट करून बास्कोनियाला बार्सावर ६९-६७ ने जिंकवलं. बुटांचा आवाज ऐकू येतो त्या क्लिपमध्ये, बेंचवरची ओरड सुद्धा.

शेवटच्या होर्नादासाठी वेगळी तयारी ठेवा. ज्या मॅचवर काही अवलंबून आहे त्या एकाच वेळी सुरू करतात, म्हणजे कोणाला दुसऱ्याचा निकाल बघून खेळता येऊ नये. तुमच्या टीमची मॅच मोठ्या स्क्रीनवर, रेघेजवळच्या बाकी दोन मॅचचं स्कोअरकार्ड फोनवर, आणि ॲव्हरेजची वही समोर. आधी लिहून ठेवा की कोणत्या निकालाला काय होतं, कारण शेवटच्या पाच मिनिटांत हिशोब करायला गेलात तर मॅच बघायची राहून जाईल. कॅमेरा बेंचकडे गेला की असिस्टंट कोचकडे बघा, त्याच्या हातात टॅबलेट असेल आणि तोही तुमच्यासारखाच दुसऱ्या पॅव्हिलियनमधला स्कोअर मोजत असेल.

जूननंतर महिनाभर नावं हलत राहतात. ज्यांचे करार संपले त्या प्लेअरांवर जुन्या क्लबचा तांतेओ नावाचा हक्क असू शकतो, म्हणजे दुसऱ्याने ऑफर दिली तर तेवढीच देऊन त्याला ठेवता येतं. मान्रेसावाल्यांसाठी हा महिना कठीण जातो. मी जुलैत टीमची यादी काढून कोण राहिला, कोण गेला एवढं लिहितो, आणि नवीन कॅलेंडर आलं की पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो, बिल्बाओशी घरची मॅच आधी आहे की नंतर.